पाणंद कोणाच्या यादीत आहे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणावरून)



सकाळपासून भावावर बोलणे झाले. मी रस्त्यावर बोलणार आहे, म्हणजे पुन्हा भावावरच. खेडा खरेदीचा व्यापारी येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "माल ठेवला कुठे?" घरात असेल तर एक भाव. शेतातल्या गोठ्यात असेल आणि गाडी रुतण्याची भीती असेल तर दुसरा. समजा, क्विंटलमागे शंभर रुपये कापले आणि घरचा कापूस चाळीस क्विंटल. चार हजार रुपये चिखलात गेले. ही कपात कुठल्या पावतीवर लिहिलेली नसते.

परतीचा पाऊस आला की पाणंद चार-चार दिवस बंद. वेचणाऱ्या बाया चिखल तुडवत शेतात पोचतात, पण वेचलेला कापूस घरी पोचत नाही. ज्वारीच्या कडब्याची तर आणखी तऱ्हा. गाडी भरली की दोन्ही बाजूंनी पसरते आणि वाट इतकी अरुंद, की अर्धा कडबा बाभळी ओरबाडून घेतात.

आता ग्रामपंचायतीत या. यंदा काय घ्यायचे? सिमेंट रस्ता, देवळापासून चावडीपर्यंत. मागच्या वर्षी तोच होता, थोडा अलीकडे. का? सिमेंटचे अंदाजपत्रक सोपे : लांबी, रुंदी, जाडी. मोजमाप चटकन होते, बिल चटकन निघते, नारळ फोडता येतो, पाटी लावता येते. चर उपसल्याचे उद्घाटन करायला आजवर कोणी आमदार आलेला मी पाहिला नाही. आणि जुन्यावर नवा थर चढवत चढवत गल्ली इतकी उंच होते, की आषाढात पाणी लोकांच्या ओसरीत शिरते.

सरपंचाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या हातातला पैसाही बांधलेला होता. 15व्या वित्त आयोगाने 2021-22 पासून ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवला. उरलेल्या 40 टक्क्यांत दिवे, दुरुस्त्या आणि रस्ते. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. पाणंद कोणाकडे? बऱ्याच पाणंदींना क्रमांकच नाही. ज्या रस्त्याला क्रमांक नाही, तो कोणाच्याच यादीत नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना 2000 साली आली, तिने गावे जोडली, लोकसंख्या मोजून. शेतात लोकसंख्या राहत नाही, पीक राहते. पीक मोजण्याचा रकाना त्या कागदात नव्हता.

काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा? पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर नुसती खडी ओतली तर दोन पावसाळ्यांत ती मातीच्या पोटात जाते. आधी दोन्ही बाजूंना चर हवेत. मग रोलरने दाबलेला मुरूम, मधे उंच आणि कडांना उतार. ओहोळ आडवा जातो तिथे पाइप मोरी. डांबर-सिमेंट सगळ्यात शेवटी. एक तुंबलेली मोरी वर्षभर तशीच राहिली तर वरचा अख्खा रस्ता उखडते. म्हणून यादीत पहिली चालू रस्त्याची दुरुस्ती, दुसरी बंद पडणारी पाणंद, आणि नवे सिमेंट त्यानंतर. ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा : या रस्त्याने किती एकरांचा माल निघतो, आणि तो वर्षातले किती दिवस बंद असतो?

आता थोडे कडू बोलतो. पाणंद गेली कुठे? ती आपण खाल्ली आहे. दरवर्षी या बाजूने एक तास, त्या बाजूने एक तास. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. आज कित्येक ठिकाणी बैलजोडी धड निघत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये सरकारने मातोश्री पाणंद योजना काढली, तीही अशाच धुऱ्यांवर येऊन अडली. "आधी त्याने सोडावे, मग मी सोडतो." वहिवाटीची वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याचे कलम 5 आहे. बांधावरून नवी वाट हवी असेल तर महसूल संहितेचे कलम 143 आहे. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडेच जातात. पण तारखांवर तारखा पडतात, दोन हंगाम जातात, आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. त्यापेक्षा दोन्हीकडच्या धुरेकऱ्यांनी एका सकाळी दोरी धरून मोजलेले बरे.

गावनकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. सिमेंट रस्त्याचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची प्रत 2005 च्या माहिती अधिकाराखाली मागता येते. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी प्रत्येक गावातल्या चार जणांनी नकाशा हातात घेऊन आपल्या पाणंदी पायी चालून याव्यात. कुठे पाणी साचते, कुठे मोरी हवी, कोणाचा धुरा किती आत आला, सगळे लिहून काढावे. आपला स्वतःचा धुरा आत आला असेल तर तो सगळ्यात आधी लिहावा. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या.