मनाच्या गोळ्या सोडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. सभेत बोलण्याची मला सवय नाही. पण यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की आरोग्यावर कोणीतरी आपल्यातलीनेच बोलावे. तेव्हा ज्याविषयी आपण बायका दार लावूनसुद्धा बोलत नाही, तोच विषय मी घेतला आहे. उदासीनतेच्या आजारावरील गोळ्या आणि त्या सोडण्याची रीत.

ही गोळी मी स्वतः दोन वर्षे घेतली. आई गेल्यानंतर माझी झोप उडाली, अन्न गोड लागेना, ओट्यापाशी उभी असताना उगाच डोळे भरून येत. यजमानांनी मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एस्सिटालोप्राम नावाची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. महिनाभरात मन हळूहळू थाऱ्यावर आले.

खरी अडचण बरे वाटू लागल्यावर येते. "आता झालीस ना बरी? मग कशाला त्या वेड्यांच्या गोळ्या?" असे जो तो म्हणतो. माझ्या धाकट्या जाऊबाईंना असेच बोल ऐकावे लागले आणि त्यांनी गोळी एका रात्रीत बंद केली. त्यांच्या परवानगीनेच हे सांगते. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, भलती स्वप्ने, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले. घरात कोणी म्हणाले, व्यसन लागले. कोणी लिंबू उतरविले. डॉक्टरांनी सांगितले की हे व्यसन नव्हे आणि बाधाही नव्हे. मेंदूला औषधाची सवय झालेली असते, ते एकदम काढले की तो गडबडतो. गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा चार-पाच दिवसांत त्या सावरल्या. पुढे सावकाश कमी करून त्यांचीही गोळी सुटली.

आता सोडण्याची रीत. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवतात. ज्यांना हा आजार पुन्हा पुन्हा झाला आहे, त्यांना ते अधिक काळ लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. सोडण्याचा दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. घरात लग्नकार्य, मुलांची परीक्षा किंवा आजारपण असेल, तर थोडे थांबावे.

माझी गोळी १० वरून साडेसातावर आणली, म्हणजे पाचाची एक आणि पाचाची अर्धी. दीड महिन्याने पाच, नंतर अडीच. अडीचावर आल्यावर मला चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा पाचावर नेऊन थांबविले. सगळे मिळून आठ महिने लागले. शेवटचा तुकडा लहान दिसतो, पण तोच सोडायला जड जातो. मोठ्या पातेल्यातले चिमूटभर मीठ कळत नाही, वाटीभर आमटीत मात्र लगेच कळते, तसेच हे आहे. माझे हे माप दुसरीने घेऊ नये. प्रत्येकीची गोळी निराळी. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन सोडताना त्रास अधिक होतो, फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस टिकते म्हणून कमी होतो. काही गोळ्या मोडायच्याही नसतात. बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत दिवसाआड घेणे हेही बरे नाही, त्याने औषध अंगात रोज वरखाली होते.

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज दोन शब्द लिहीत असे : झोप कशी, मन कसे. त्याचा मोठा उपयोग झाला. गोळी कमी केल्याचा त्रास बहुधा थोड्याच दिवसांत सुरू होतो, आणि चक्कर, झटके अशी अंगाची लक्षणे त्यात असतात. जुनी उदासी परतते ती बहुधा काही आठवड्यांनी, पावला-पावलाने. दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगावे, पण लिहिलेले असले की त्यांना फरक लवकर उमगतो.

आणि घरातल्या एका तरी माणसाला हे ठाऊक असावे. माझ्या थोरल्या मुलीला ठाऊक होते. मी चिडले की ती म्हणे, "आई, जरा पडतेस का? भात मी लावते." औषधाइतकाच आधार मला त्या शब्दांनी दिला.

ज्यांना घरात सांगता येत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीतून बोलता येते. जीव नकोसा वाटतो असे कोणी म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका. लगेच हा क्रमांक लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

भगिनींनो, रक्तदाबाची गोळी आपण चारचौघींत पर्समधून काढून घेतो. या गोळीलाही तेवढाच मान मिळावा, इतकेच माझे मागणे आहे. कोणाला डॉक्टरांकडे जायला सोबत हवी असेल, तर मी आणि जाऊबाई येऊ. मंगळवारी दुपारी आम्ही मंडळातच असतो. तुमची गोष्ट आमच्यापाशीच राहील.