घरातला फोटो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी मुलांच्या फोटोंविषयी दोन शब्द बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण तो घरोघरचा आहे.

एकोणिसाव्या शतकात फोटोसाठी कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. तान्हे मूल कुठले बसायला! म्हणून इंग्लंडात आईलाच कापडाने झाकून तिच्या मांडीवर मूल बसवीत. फोटोत मूल दिसे. आईची नुसती खुर्ची होई!

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात आपली कन्या मंदाकिनी हिला बाळकृष्ण केले. आरंभी तिच्या चेहऱ्यावरचे पालटणारे भाव जवळून दाखवले आहेत. ते गोड आहेत, पण तो अभिनय आहे. घरात मात्र मुलांना अभिनय करायला लावू नये.

आपल्या नंदुरबारला मिरचीचा हंगाम म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वर्षाच्या मिरच्या खुडायला आम्ही ओसरीत बसलो होतो. माझी मुलगी नाकाला फडके बांधून देठांच्या ओळी लावत होती. केस विस्कटलेले, फ्रॉक मळका, दारातला उजेड कपाळावर. मी हाक मारली नाही. तिच्या उंचीला बसले आणि फोनवर फोटो काढला. “हस” म्हटले असते तर ती हसलीही असती, पण देठ मोजणारी मुलगी हरवली असती.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, केस तरी विंचरायचेस!” नणंदबाई म्हणाल्या, “साऱ्या नातेवाइकांना पाठव.” मी मुलीला विचारले. ती म्हणाली, “आजीला दाखव. बाकी कुणाला नको.” मी पाठवला नाही. नणंदबाई चार दिवस रुसल्या. पण मुलीचा चेहरा आधी मुलीचा, मग आपला. आज ही हकीगत तिला विचारूनच सांगते आहे. फोटो मात्र आणलेला नाही.

भगिनींनो, फोन बिघडला की त्यातले हजार फोटो एकदम जाऊ शकतात. वर्षाकाठी दहाबारा निवडून कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा.

आणि कधी फोन मुलांच्या हातीही द्या. फोटो काढणारी आई फोटोत नसतेच. म्हणजे आपण अजून त्या कापडाखालीच! उद्या मुलांना आपलाही चेहरा हवासा वाटेल, पोळ्या लाटतानाचा, न सजलेला.