प्रमाणपत्रानंतरचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कापडाच्या पेढीवर हिशेबाचा एक साधा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. किती थाने खरेदी केली यावरून नफा ठरत नाही. किती विकली गेली, किती शिल्लक राहिली आणि उधारी किती वसूल झाली, हे सारे जुळले म्हणजेच ताळेबंद पुरा होतो. हाच नियम प्रशिक्षणाच्या सरकारी योजनांना लावून पाहावा. अमुक लाख युवकांना प्रशिक्षण दिले, ही झाली केवळ खरेदीची नोंद. त्यांपैकी किती जण स्वतःच्या पायांवर उभे राहिले, हा खरा ताळेबंद होय. ग्रामीण युवकांच्या शिक्षणाचा व कौशल्य-प्रशिक्षणाचा हा ताळेबंद देशाची संसद कसा तपासते, तपासताना तिला काय आढळले आणि तिची नजर कोठपर्यंत पोहोचू शकते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम प्रश्नाचे गांभीर्य लक्षात घेणे आवश्यक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतील एक अंदाज उद्धृत केलेला आहे. त्यानुसार १९ ते २४ या वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांना औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले होते. हेच प्रमाण जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. भारतीयांच्या हातांत कसब नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. खेड्यातील सुतार, लोहार, विणकर व शिंपी यांची मुले वडिलांच्या शेजारी बसून शिकतात. पेढीवर लागलेला मुलगाही थान उलगडणे, माप घेणे, गिऱ्हाईक राखणे आणि रोजमेळ लिहिणे हे सारे पाहून पाहून आत्मसात करतो. परंतु या शिक्षणाची नोंद कोठेच होत नाही, त्याला पुढची पायरी नसते आणि परगावी त्याला कोणी किंमत देत नाही.

यात आणखी एक मेख आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, तो ६ ते १४ या वयोगटापुरता. चौदा वर्षे पूर्ण झाली की हक्काची ती भिंत संपते. गावातील शाळा बहुधा सातवी-आठवीपर्यंतची, हायस्कूल दूर, एस.टी.ची वेळ गैरसोयीची आणि घरी हात कमी. अशा स्थितीत मुलगी घरी बसते आणि मुलगा मिळेल त्या मजुरीला लागतो. कौशल्य-योजनांचा दरवाजा उघडतो तो पंधराव्या, बहुतेक वेळा अठराव्या वर्षी. मधल्या काळात हातातून सुटलेला युवक पुन्हा शोधून आणणे हे सर्वांत कठीण काम असते.

हे काम करण्यासाठी योजना झाल्या नाहीत असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वपरिचित आयटीआय, यांचा आरंभ १९५० मध्ये झाला. १९५६ पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा संमत झाला. थोर शास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. २०१४ मध्ये केंद्रात स्वतंत्र कौशल्यविकास मंत्रालय स्थापन झाले. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी ग्रामीण गरीब युवकांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना जाहीर झाली. तिच्या नियमांत प्रशिक्षितांपैकी बहुसंख्य युवकांना नोकरी मिळवून देण्याची अट होती. ५० टक्के जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी व १५ टक्के अल्पसंख्याकांसाठी राखल्या होत्या, तर एकूण लाभार्थींत एक तृतीयांश महिला असाव्यात असेही ठरले होते. जैन समाजाचा राष्ट्रीय स्तरावरील अल्पसंख्याकांत समावेश झाला तोही जानेवारी २०१४ मध्ये. म्हणून खेड्यापाड्यांतून राहणाऱ्या अल्पभूधारक जैन कुटुंबांशीही या विषयाचा थेट संबंध पोहोचतो.

योजनांवर खर्च होणारा पैसा जनतेचा असतो आणि त्याचा जाब विचारण्याचा अधिकार संसदेला असतो. त्यासाठी तिच्या हाती मुख्यतः तीन साधने आहेत.

पहिले साधन म्हणजे प्रश्न. कोणताही सदस्य किमान पंधरा दिवसांची सूचना देऊन मंत्र्यांना माहिती विचारू शकतो. लोकसभेत एका दिवशी वीस तारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांतील मोजक्यांनाच तोंडी उत्तर व त्यावरील उपप्रश्न लाभतात. उरलेल्यांची आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात. या लेखी उत्तरांना राज्यवार, क्वचित जिल्हावार तक्ते जोडलेले असतात. वृत्तपत्रांचे लक्ष गदारोळाकडे असते. खरी माहिती मात्र त्या तक्त्यांत पडून राहते.

दुसरे साधन म्हणजे स्थायी समित्या. १९९३ मध्ये विभागवार सतरा समित्या स्थापन झाल्या आणि २००४ मध्ये त्यांची संख्या चोवीस झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. मंत्र्याला समितीचे सदस्य होता येत नाही. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे तेथे भाषणबाजीला वाव राहत नाही. सचिव दर्जाचे अधिकारी समोर बसतात आणि कागद मागितले जातात. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, परंतु त्यांवर काय केले याचा खुलासा सरकारला करावाच लागतो.

तिसरे साधन म्हणजे लेखापरीक्षण. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आपले अहवाल संसदेपुढे ठेवतात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा आहे. घरच्या मुनीमाने लिहिलेली वही बाहेरच्या माणसाने तपासावी, असाच यामागील विवेक आहे.

ही साधने नुसती शोभेची नाहीत. खासदार किरीट सोमय्या यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक स्थायी समितीने २०१८ च्या आरंभी आयटीआयविषयी एक अहवाल सादर केला. २००७ मध्ये देशात सुमारे दोन हजार खाजगी आयटीआय होत्या. पुढील दहा वर्षांत त्यांत नऊ हजारांहून अधिक संस्थांची भर पडली. हे आकडे वरवर पाहता प्रगतीचे वाटतात. समितीने मात्र या वाढीचे कारण कार्यक्षमतेत न शोधता निकष व दर्जा यांच्या उपेक्षेत दाखवले. अध्यक्ष सत्तारूढ पक्षाचे असूनही अहवालाची भाषा कठोर होती, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेतीचा तुकडा गहाण टाकून ज्या बापाने मुलाची फी भरली असेल, त्याला मान्यतेच्या पाटीमागे कार्यशाळाच नाही हे कळायला दोन वर्षे लागतात. ती दोन वर्षे मग कोणतीही समिती परत देऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या कालखंडावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. तपासलेल्या सुमारे ९६ लाख नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा होता किंवा त्यात शून्ये वा निरर्थक अक्षरे भरलेली होती. वेगवेगळ्या तुकड्यांसाठी एकच छायाचित्र वापरल्याचेही आढळले. ज्या वहीत देणेकऱ्याचे नाव आहे पण पत्ता नाही, तिच्यावर कोणता व्यापारी विश्वास ठेवील? कोरा रकाना म्हणजे प्रत्येक वेळी चोरीच असते असे नव्हे. परंतु रकाना कोरा असेल तर प्रामाणिक केंद्र आणि लबाड केंद्र यांत भेद करता येत नाही. अशा वेळी सर्वाधिक नुकसान प्रामाणिक शिक्षकाचे व कष्टाळू विद्यार्थ्याचे होते.

आता या देखरेखीच्या मर्यादांकडे वळू या. एका खेड्यातील सतरा वर्षांच्या मुलीची कल्पना करावी. ती शाळेत असेपर्यंत तिचा विषय शिक्षण मंत्रालयाचा असतो व त्याची छाननी शिक्षणविषयक समिती करते. ती आयटीआयमध्ये गेली तर विषय कौशल्य मंत्रालयाचा होतो आणि समिती बदलते. ती ग्रामीण कौशल्य योजनेत दाखल झाली तर विषय ग्रामविकास मंत्रालयाचा होतो आणि समिती तिसरीच असते. त्यातच आयटीआयचा प्रत्यक्ष कारभार राज्याकडे असल्याने बराचसा जाब विधिमंडळात विचारावा लागतो. मुलगी एकच, पण तिच्या वह्या तीन. प्रत्येक वही आपल्यापुरती जुळलेली असू शकते; तरीही ती मुलगी शाळेतून सुटून प्रशिक्षणापर्यंत पोहोचलीच नाही, ही गोष्ट एकाही वहीत दिसत नाही. तिन्ही वह्या एकत्र ठेवून वाचणारा हिशेबनीस अद्याप मिळालेला नाही.

दुसरी मर्यादा काळाची आहे. ग्रामीण कौशल्य योजनेच्या नियमांनुसार सलग तीन महिन्यांच्या नोकरीचा पुरावा मिळाला की नेमणूक झाली असे धरले जाई. परंतु खेड्यातून शहरात गेलेल्या युवकाची खरी परीक्षा चौथ्या महिन्यानंतर सुरू होते. खोलीचे भाडे व खाणावळ वजा जाता पगारातून घरी पाठवायला काय उरते? गावी कोणी आजारी पडले तर रजा मिळते काय? या प्रश्नांची उत्तरे दिल्लीच्या तक्त्यात उमटत नाहीत. संसद पाहू शकते ते खालून वर आलेले कागदच. खालची नोंदच अपुरी असेल तर वरची छाननीही अपुरीच राहणार.

मग खालची नोंद चोख कशी होईल? याचे उत्तम उदाहरण कर्नाटकातील उजिरे येथे आहे. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने तेथील धर्मस्थळ मंजुनाथेश्वर शिक्षण न्यास आणि दोन बँका यांनी १९८२ मध्ये ग्रामीण युवकांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था सुरू केली. प्रशिक्षण अल्प मुदतीचे, निवासी व निःशुल्क ठेवले. युवकाचा कल पाहून निवड करायची, शिकवून झाल्यावर कर्जासाठी बँकेशी गाठ घालून द्यायची आणि त्यानंतरही त्याचा पाठपुरावा करत राहायचे, असा तेथील क्रम आहे. प्रमाणपत्र दिल्यावर संस्थेचे काम संपत नाही, हेच त्या पद्धतीचे मर्म होय. पुढे केंद्र शासनाने हाच नमुना स्वीकारून प्रत्येक जिल्ह्यात बँकांमार्फत अशी संस्था उभारण्याचे धोरण २००९ मध्ये आखले. डॉ. हेगडे यांची २०२२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. एका न्यासाने गावात केलेला प्रयोग राष्ट्रीय धोरण होतो आणि त्याचा प्रवर्तक संसदेत जाऊन बसतो, हा प्रवास कोणत्याही न्यासाने अभ्यासावा असा आहे.

महाराष्ट्राला तर याहूनही जुना वारसा लाभला आहे. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज पेरले. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली. कष्ट करून शिकण्याची रीत त्यांनी घालून दिली आणि तीच पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने सर्वतोमुखी झाली. त्यांच्या दृष्टीने श्रम व शिक्षण ही दोन खाती कधी वेगळी नव्हतीच. वसतिगृहातील मूल कोठून आले आणि पुढे त्याचे काय झाले, याची चिंता ते पित्याप्रमाणे वाहत. आजची तीन मंत्रालये जे एकत्र आणू शकत नाहीत, ते तेथे एका छपराखाली नांदत होते.

या साऱ्यापासून स्थानिक समाजाने काय घ्यावे? प्रथम, स्वतःच्या वहीकडे पाहावे. समाजसंस्थांच्या अहवालांतून इतक्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, इतकी वह्या-पुस्तके वाटली, असे आकडे अभिमानाने छापले जातात. दहा वर्षांपूर्वीच्या त्या विद्यार्थ्यांपैकी आज कोण कोठे आहे, हा रकाना त्या अहवालांत सहसा नसतो. शासनाला जो प्रश्न विचारायचा, तो आधी घरी विचारला पाहिजे. एक साधी नोंदवही ठेवून मदत मिळालेल्या प्रत्येक युवकाची वर्षातून एकदा, निदान तीन वर्षे, चौकशी करणे हे कोणत्याही न्यासाच्या आवाक्यातील काम आहे.

दुसरी गोष्ट व्यापारी व कारखानदार बांधवांसाठी आहे. पेढीवर शिकणारा मुलगा हा केवळ स्वस्तातला हात नसून तो विद्यार्थी आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी कल्पना मांडलेली आहे. गावातील दुकाने, छापखाने व कर्मशाळा यांनी दारे उघडली नाहीत तर ही कल्पना कागदावरच राहील.

तिसरी गोष्ट नागरिक म्हणून. खासदार भेटीला आले की सभामंडप, रस्ता वा रेल्वेचा थांबा यांची निवेदने दिली जातात. त्याच निवेदनात एक ओळ वाढवता येईल: या जिल्ह्यात ज्यांना प्रशिक्षण दिले, त्यांपैकी एक वर्षानंतर किती जण कामावर आहेत, हे सभागृहात विचारावे. प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याच्या उत्तरासाठी अनेक कचेऱ्यांतील कोरे रकाने भरावे लागतील.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या सभागृहात देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या असतात आणि त्या असाव्यातही. त्यांच्या शेजारी एक नोंदवही असावी. तिच्यात रकमा नसाव्यात, माणसे असावीत. कोणी शिवणयंत्र घेतले, कोणी वीजजोडणीचे काम शिकून दुकान थाटले, कोणाचे प्रयत्न फसले आणि त्याला पुन्हा हात द्यायचा राहिला आहे, हे तिच्यात लिहिलेले असावे. फसलेल्यांचीही नोंद राहील तेव्हाच तो हिशेब खरा म्हणता येईल. शताब्दीच्या वेळी जमणाऱ्या पिढीला हीच वही सर्वांत आधी उघडावीशी वाटेल.

जय जिनेंद्र!