जीव वाचवायचाय? मग मॅग व्हीलही घ्या!

मी बँकेत तीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं वाहन कर्जाच्या टेबलावर गेली. गाड्यांची कोटेशनं रोज डोळ्यांखालून जायची. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, मॅग व्हील, फॉग लॅम्प, सगळं त्यात असायचं. एअरबॅग मात्र क्वचितच दिसायची. 'लोकांना जिवापेक्षा थाट प्यारा', असं मी मनाशी म्हणायचो. २००९ साली स्वतःची गाडी घ्यायला गेलो, तेव्हा कळलं की मी लोकांवर उगाच ठपका ठेवत होतो.

शोरूममधल्या तरुणाला मी विचारलं, "या मधल्या मॉडेलमध्ये एअरबॅग मिळेल का?"

"मिळेल ना सर, पण टॉप मॉडेलमध्ये."

"अहो, मला बाकी काही नको. याच गाडीत बसवून द्या, होतील ते पैसे देतो."

तो हसला. "तसं नाही होत सर. ते कंपनीतूनच यावं लागतं. टॉप मॉडेल घ्या. एअरबॅग, एबीएस, शिवाय मॅग व्हील, म्युझिक सिस्टिम, मागच्या काचेला वायपर!"

फरक होता ८० हजारांचा. शिवाय टॉप मॉडेलला तीन महिने थांबावं लागणार होतं. मधलं मॉडेल दारातच उभं होतं आणि पाडवा आठवड्यावर आला होता. मुलीनं तर गाडीत बसून खिडकीची काच वर-खाली करायलाही सुरुवात केली होती. मी मधलं घेतलं.

आता कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनाप्रमाणे गाडी बांधायची म्हटलं तर कारखान्यात गोंधळ उडेल. म्हणून तीन-चार ठरावीक श्रेणी करायच्या, हे समजू शकतं. पण गठ्ठा बांधावा लागतो म्हणून एअरबॅगची गाठ मॅग व्हीलशीच का मारायची? सीट बेल्टशी का नाही? कारण सरळ आहे. ज्याला जिवाची काळजी आहे तो जास्त पैसे मोजायला तयार होतो. मग त्याच्या गळ्यात बाकीचा मालही घालता येतो. वर 'अमुक लाखांपासून पुढे' अशी जाहिरात करायला खालची गाडी स्वस्त ठेवता येते. आणि 'सुरक्षिततेला मागणीच नाही' असंही म्हणता येतं. माझ्या टेबलावरच्या कोटेशनांत एअरबॅग का नव्हती, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. जी वस्तू सुटी मिळतच नाही, तिची मागणी कागदावर दिसणार कशी?

या वस्तू चैनीच्या नाहीत. जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होतात, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. एबीएस चाकांना जाम होऊ देत नाही, म्हणून समोरचं माणूस चुकवता येतं. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि डोकं व छाती स्टिअरिंगवर आदळू देत नाही. अर्थात, पट्टा लावलेला असेल तरच तिचा खरा उपयोग. तो तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. कंपनीनं त्याचं पेटंट इतर सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. मोटारीच्या धंद्यात असंही घडलेलं आहे.

आपल्याकडे डोळे उघडले ते जानेवारी २०१४ मध्ये. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळवून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांतली एक होती फोक्सवॅगन पोलो, एअरबॅग नसलेली. तीच पोलो दोन एअरबॅगसह तपासली, तर चार तारे! त्यानंतर कंपनीनं एअरबॅग नसलेली पोलो विकणंच बंद केलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

पुढे कायदा आला. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस आणि त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. चालकाशेजारच्या प्रवाशाला मात्र जानेवारी २०२२ पर्यंत थांबावं लागलं. ती सीट बहुतेक घरांत बायकोची किंवा आईची असते, हे सांगायला नको. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदाही २०२२ मध्ये निघाला, पण अशी सक्ती करणार नाही, असं सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केलं. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली चाचणी सुरू झाली, तीही ऐच्छिक.

गठ्ठ्याची युक्ती काही गेलेली नाही, फक्त वरच्या मजल्यावर गेली आहे. धडक टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अनेक गाड्यांत वरच्याच श्रेणीत मिळते, आणि सोबत काचेचं छत घ्यावं लागतं. युरोपीय संघात हीच यंत्रणा जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची आहे. तिथे ती छताच्या हिशेबात धरत नाहीत.

माझी ती गाडी मी २०१६ साली विकली. घेणारा जवळच्या गावातला तरुण, घरातली पहिलीच गाडी. त्यानं अ‍ॅव्हरेज विचारलं, टायर दाबून पाहिले, एसी लावून पाहिला. एअरबॅगचं त्यानं विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. गेल्या वर्षी ती गाडी मला बाजारात दिसली. पंधरा वर्षं झाल्यावर फेरनोंदणी करून तो अजून चालवतो आहे. मागच्या सीटवर दोन मुलं उभी होती. मी खिडकीपाशी गेलो आणि एवढंच म्हणालो, "मुलांना बसवून पट्टा लाव रे बाबा, या गाडीत दुसरं काही नाही."

हे मी गाडी विकतानाच सांगायला हवं होतं.

तेव्हा मंडळी, शोरूममध्ये जाल तेव्हा रंगाआधी तीन प्रश्न विचारा. या श्रेणीत एअरबॅग किती? घसरणारी गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा आहे का? आणि जाहिरातीतले तारे नेमक्या कोणत्या श्रेणीला मिळाले? उत्तर 'टॉप मॉडेलमध्ये' असं आलं, तर ती तक्रार कोटेशनच्याच कागदावर लिहून द्या. कागदावर मागणी दिसल्याशिवाय कोणी हलत नाही, हे बँकेतल्या माणसाचं ऐका.