दोघांनी पाहिलेलं शहर

मराठी माणसाचं लंडनशी नातं जुनं आहे. पण बारकाईनं पाहिलं तर ते बहुतेक एकट्या पुरुषाचं नातं आहे. कोणी बॅरिस्टर व्हायला गेला, कोणी खटला लढवायला, कोणी पदवी घ्यायला. बायको इकडेच राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात राहत होते. त्या वेळी रमाबाई मुंबईत परळच्या चाळीत काटकसरीनं संसार ओढत होत्या. महाराष्ट्र शासनानं २०१५ साली ते लंडनचं घर विकत घेतलं. आज तिथं स्मारक आहे. ते पाहून बाहेर पडताना माझी पत्नी एवढंच म्हणाली, "यातलं अर्धं स्मारक परळला आहे."

जोडीनं लंडन पाहिल्याचं मराठीतलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचं. नभोवाणीत काम करणाऱ्या पु. लं.ना १९५८ मध्ये दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी बीबीसीकडे पाठवण्यात आलं, तेव्हा सुनीताबाई बरोबर होत्या. त्या प्रवासाचं 'अपूर्वाई' हे पुस्तक १९६० साली आलं. आमच्या पिढीनं युरोप पहिल्यांदा पाहिला तो त्या पुस्तकात.

आम्हा दोघांचा योग २०२३ च्या उन्हाळ्यात आला. मुलगा नोकरीनिमित्त पूर्व लंडनमध्ये राहतो. त्याच्याकडे आम्ही चार महिने राहिलो. आठ दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या सहलीपेक्षा हे अगदी वेगळं. सहलीत शहर आपल्यापुढून पळतं. मुक्कामात ते हळूहळू ओळख देतं. मुलगा-सून कामाला गेली की दहाच्या सुमारास आम्ही निघायचो. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. तिथल्या बसची एक सोय आम्हाला फार आवडली. एकदा पैसे भरले की तासाभरात दुसरी बस फुकट. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळाली की झालं. मोठी संग्रहालयंही बहुतेक विनाशुल्क. त्यामुळे एका दिवसात एकच दालन पाहायचं, मग बागेतल्या बाकावर बसायचं, असा आमचा क्रम ठरून गेला. त्या बाकांवर बारीक पाट्या असतात. अमुक नवरा-बायकोला इथं बसायला आवडायचं, असं त्यांच्या मुलांनी लिहून ठेवलेलं. आमची सकाळ-दुपार अशा कुणाकुणाच्या बाकांवर गेली.

आपल्याकडे, घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, नवरा-बायको रस्त्यानं बरोबरीनं चालत नाहीत. नवरा चार पावलं पुढं, बायको मागं. त्यात प्रेम कमी असतं असं नाही, रीतच तशी. एकत्र कुटुंबात तर दोघांना निवांत बोलायला बाजाराचा रस्ताच काय तो मिळतो. लंडनला आम्ही तीस वर्षांत पहिल्यांदा रोज चार-पाच तास शेजारी शेजारी चाललो. आणि माझ्या लक्षात आलं, की एकाच रस्त्यावर आम्ही दोघं दोन वेगळी शहरं पाहतोय.

ब्रिक लेनचंच सांगतो. तिथं एक मशीद आहे. ती इमारत १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट लोकांनी चर्च म्हणून बांधली. पुढं ती मेथॉडिस्टांकडे गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंचं प्रार्थनागृह झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. दर काही पिढ्यांनी नवे निर्वासित आले आणि त्याच भिंतीआड आपापल्या पद्धतीनं देवाला हाक मारू लागले. भिंतीवर १७४३ सालचं सावलीचं घड्याळ अजून आहे. जुम्म्याची नमाज पढून मी बाहेर आलो आणि हा सगळा इतिहास मोठ्या उत्साहानं पत्नीला सांगू लागलो. ती मात्र शेजारच्या गल्लीतल्या जुन्या घरांच्या माथ्याकडे पाहत होती. म्हणाली, "अहो, वरच्या मजल्याला एवढ्या रुंद खिडक्या कशाला? इथं माग असणार."

तिचे वडील धुळ्याला यंत्रमागावर कामाला होते. मागाला उजेड किती लागतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आणि तिचं बरोबर होतं. ते फ्रेंच निर्वासित रेशीम विणणारे होते. माळ्यावर माग ठेवायचे, म्हणून खिडक्या रुंद. मी पाटी वाचली होती, तिनं घर वाचलं.

बाजारातही तेच. मी किंमत पाहायचो, ती केळी हातात घेऊन बघायची. जळगावची माणसं! कोलंबियाचं केळ दिसायला देखणं, पण साल जाड, गोडी बेताची, असा तिचा निकाल.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो सिडनहॅमचा दिवस. तिथं टेकडीवर क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा अवाढव्य महाल होता. १९३६ च्या आगीत तो संपला. आता पायऱ्या, चौथरे आणि स्फिंक्स उरलेत. आपलं तिथं काय हरवलं, ते ऐका. ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठी चित्रं रंगवली. ती याच महालात मांडलेली होती आणि १८६६ च्या डिसेंबरात इथं लागलेल्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. गिल पुन्हा कामाला लागला. १८७९ साली तो वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे.

गिल आणि पारोची गोष्ट आपल्या भागात घराघरांत ठाऊक आहे. ना. धों. महानोरांनी तिच्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं. पारो १८५६ साली वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे.

त्या पायऱ्यांवर बसून दशमी खाताना पत्नी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे चित्रं लंडनला आली, आणि पारो तिथंच राहिली."

श्रोतेहो, मी कवी म्हणून गिलवर विचार केला होता, जळालेल्या चित्रांवर केला होता. पारोकडून लंडनकडे पाहणं मात्र तिला सुचलं. परळला थांबलेल्या रमाबाई, अजिंठ्याला राहिलेली पारो. ज्यांनी हे शहर पाहिलं नाही, त्यांचीही या शहरात एक जागा आहे. ती माझ्या पत्नीला दिसली, आणि ती बरोबर होती म्हणून मलाही दिसली.

परत आल्यावर सवय मोडली नाही. संध्याकाळी मेहरूण तलावावर आम्ही जोडीनं फिरायला जातो. सुरुवातीला ओळखीचे लोक हसले. आता त्यांतली दोन-तीन जोडपीही येऊ लागली आहेत.

लंडनची सोय प्रत्येकाला कुठून होणार? पण अजिंठा जळगावहून साठ किलोमीटर आहे. धुळेकरांना लळिंगचा किल्ला तर हाकेच्या अंतरावर. कुठंही जा, पण घाई न करता जा आणि दोघं जा. एकानं पाटी वाचावी, दुसऱ्यानं खिडक्या पाहाव्यात. घरी येताना दोघांनी एकमेकांना विचारावं, तुला काय दिसलं?