शिवलेली नाव

म्हैसूरच्या राजघराण्याचे चिन्ह असलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन मस्तकांचा पक्षी, आता एका गलबताच्या शिडावरही झळकत आहे. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेल्या या गलबताचे नाव ‘कौंडिण्य’. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत.

कारवार-गोव्याच्या मच्छीमारांना ही शिवण अपरिचित नव्हती. रापणीचे अवजड जाळे किनाऱ्यालगत टाकण्यासाठी ते अशाच होड्या वापरीत. खिळ्यांनी जखडलेली होडी वाळूवर आपटली की तिच्या फळ्या तडकतात. शिवलेली होडी किंचित लवते आणि तगून राहते. मात्र तिची दोरी ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवावी लागते. या डागडुजीतूनच बापाची विद्या मुलाच्या हाती उतरत असे. १९७०च्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी यांचा प्रसार झाला, रापण मागे पडली आणि शिवणारे हातही विरळ झाले.

स्वीडनने १६२८ साली बुडालेले ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये वर काढले व लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर सुमारे सतरा वर्षे रसायनाचे फवारे मारले. तेथे मूळ लाकूडच शिल्लक होते, म्हणून तेच जपावयाचे होते. शिवलेल्या होडीच्या बाबतीत दोरी वारंवार बदलते, खराब फळीही बदलते. जपावयाची असते ती शिवण्याची रीत.

‘कौंडिण्य’च्या वेळी तर जुने गलबतही हाती नव्हते. होते केवळ अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील एक चित्र. त्यावरून आराखडा बेतला गेला, मद्रासच्या आयआयटीत त्याच्या चाचण्या झाल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात कणा बसविण्यात आला. बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी फळ्या शिवल्या व फटी राळेने बुजविल्या. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघालेले हे गलबत जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

समुद्राने शिवणीची परीक्षा घेतली, आणि ती उतरली. परंतु एका गलबतावर कारागिरांची पिढी जगत नाही. किनाऱ्यावर उरलेली एखादी रापणीची होडी संग्रहालयात ठेवताना तिची दोरी वेळोवेळी बदलण्याचे काम तरुण हातांना, योग्य मजुरी देऊन, सोपविले गेले, तर होडीबरोबर ही विद्याही टिकेल.