बंद गॅसवरची उकळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मला स्वयंपाकघराबाहेरचे काही येत नाही. त्या म्हणाल्या, "मग आतलेच सांगा की!" म्हणून आज कुकरविषयी बोलते. हसू नका. या कुकरने मला एक प्रश्न घातला होता आणि त्याचे उत्तर मिळायला नऊ वर्षे गेली.

2013 सालच्या गौरीजेवणाचा दिवस. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ कुकरला लावलेली. सवाष्णी येऊन बसल्या होत्या आणि नैवेद्याला उशीर होत होता. मी गॅस बंद केला. दोन-तीन मिनिटांनी चिमट्याने शिटी उचलून पाहिली, तर फुस्स झाले नाही. मी समजले, वाफ गेली. झाकण फिरेना, म्हणून दांडीवर लाटण्याने दोन ठोके दिले. पुढचे मला नीट आठवत नाही. झाकण भिंतीवर गेले, डाळ छताला लागली आणि माझा उजवा हात कोपरापर्यंत व मान भाजली. माझी सात वर्षांची मुलगी ताटे घेऊन शेजारीच उभी होती. जाऊबाईंनी हाक मारली म्हणून ती त्याच क्षणी दाराकडे वळली होती. तिला एक थेंबही लागला नाही. ते आठवले की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

जाऊबाईंनी माझा हात बराच वेळ नळाखाली धरला. कोणी हळद लावा म्हणत होते, कोणी टूथपेस्ट. त्यांनी कोणाचे ऐकले नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, तेच बरे केले. घरात सगळे एकच बोलत होते, "घाई केलीस." खरेच केली होती. सासूबाईंनी तर त्या दिवसापासून पुरणाची डाळ पितळी पातेल्यात शिजवायला लावली. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. गॅस तर बंद होता. डाळ उकळतही नव्हती, कुकर अगदी गप्प होता. मग झाकण निघाल्याबरोबर एवढी उकळी आली कुठून?

मुलगी अकरावीला सायन्सला गेली. एक दिवस ती म्हणाली, "आई, ये, तुला दाखवते." तिने सुई नसलेली इंजेक्शनची नळी घेतली, तीत थोडे कढत पाणी ओढले, हवा काढून टाकली, तोंड बोटाने घट्ट दाबले आणि दट्ट्या मागे खेचला. मैत्रिणींनो, तिच्या हातात, विस्तवाशिवाय, ते पाणी बुडबुडे काढीत उकळू लागले! दट्ट्या सोडला की गप्प, ओढला की पुन्हा उकळी.

तेव्हा तिने मला समजावले ते असे. पाण्यावर हवेचा दाब असतो, चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. पाण्याची वाफ व्हायची तर त्या दाबाला रेटून बाहेर पडावे लागते. दाब कमी तर पाणी लवकर उकळते, दाब जास्त तर उशिरा. समुद्राकाठी ते 100 अंशांवर उकळते, आपल्या पुण्यात 98च्या आसपास. समोरचा सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंच, तिथे हवा विरळ, म्हणून 96 अंशांनाच उकळी येते. आणि एकदा उकळी आली की खाली गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याहून तापत नाही, नुसते आटते. मी वीस वर्षे मोठ्या आचेवर पातेली उकळवीत आले, तो गॅस फुकटच गेला म्हणायचा! आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा फौजेत लेहला होता. तिथे साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांनाच उकळते. कुकर नसला तर डाळ दिवसभर टणकच, असे तो सांगायचा. गडावर पिठले-भाकरीचेच नाव का झाले, याचा मी आपला एक अंदाज बांधला आहे: बेसनाला डाळीइतके शिजवत बसावे लागत नाही. हा अंदाज माझा, शास्त्राचा नव्हे.

कुकरमध्ये याच्या उलट. वाफ कोंडली की दाब दुप्पट होतो आणि पाणी 120 अंशांपर्यंत तापले तरी पाणीच राहते. डाळ शिजणे हा एक रासायनिक बदल आहे, आणि असे बदल दर दहा अंशांना ढोबळ मानाने दुप्पट वेगाने होतात. म्हणून तासाभराचे काम पंधरा मिनिटांत. (थंडीत इडलीचे पीठ उशिरा फुगते आणि विरजण लागत नाही, त्याचेही मूळ उष्णतेतच. पण दही लावणारे जीव फार कढत दुधात मरतात, तिथे जास्त ऊब उपयोगी नाही.) ही युक्ती डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 साली काढली. त्याने त्यात हाडेसुद्धा मऊ केली. भांडे फुटेल या भीतीने वजन लावलेली झडपही त्यानेच बसवली. आपली शिटी ही तिचीच नात.

आता माझी गौर. डाळीचे साल नळीत अडकले होते, म्हणून शिटी उचलूनही वाफ आली नाही. आत पाणी 98च्या बरेच वर तापलेले, दाबाने गप्प बसलेले. झाकण उडाले, दाब एका क्षणात गेला, आणि त्या पाण्याला पाणी म्हणून राहणे शक्य नव्हते. थोडेसेच पाणी वाफ होते म्हणे, पण वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा घेते. तिने सगळी डाळ छतापर्यंत नेली. उष्णता तिथे आधीच होती, मी फक्त तिच्यावरचे ओझे काढले. मुलीने हिशेब करून दाखवला: वीस सेंटिमीटर रुंद झाकणाला भर वाफेत आतून तीनशे किलोचा रेटा असतो. तांदळाची सहा पोती! आणि मी लाटणे घेऊन गेले होते.

सिलिंडरचेही असेच आहे. दाबामुळे आतला गॅस पातळ होऊन राहतो. नळ उघडला की दाब उतरतो, त्याची वाफ होते आणि ती सिलिंडरचीच उष्णता घेते, म्हणून मोठ्या शेगड्या चालल्या की तो गार पडतो, घामेजतो. शेवटचा गॅस निघावा म्हणून काही बायका तो कढत पाण्यात उभा करतात किंवा आडवा पाडतात. कृपा करून असे करू नका.

मी आता झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून पाहते, पलीकडचे दिसले तरच लावते. डाळ निम्म्याच्या वर घालीत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घेते. रस्त्यावर स्वस्त मिळतो, पण तो वेळेवर वितळेल की नाही हे कोण सांगणार? आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत थांबते. सासूबाईंना नळीचा प्रयोग दाखवला. त्यांनी दट्ट्या स्वतः तीनदा ओढून पाहिला आणि गेल्या गौरीला पितळी पातेले माळ्यावर ठेवायला सांगितले.

आज आपल्या जेवणाच्या आमटीची डाळ मोठ्या कुकरमध्ये आहे. मी इकडे येताना गॅस बंद करून आले. झाकण मीच काढणार आहे, तोवर कोणी हात लावू नये. पाने दहा मिनिटे उशिरा वाढली जातील.